रिकामी परडी

अगं, हे पत्र जरा निवांत बसून वाच. हातात दुसरं काय असेल ते ठेव बाजूला. बेंगळूरहून फोन करतेस आणि भाजीचा भाव विचारावा तसं विचारतेस, "आजी, धर्म म्हणजे काय? कॉलेजात लिहून द्यायचंय, दोन ओळींत सांग." फोनवर सांगायची गोष्ट आहे होय ही? म्हणून आता लिहायला बसले. शाळेचं तोंड मी बघितलं नाही, तुझ्या आईच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवलेली. चुका काढत बसू नकोस.

तुझ्या आजोबांना विचारलं असतंस तर त्यांचं उत्तर तयार होतं. "ज्यानं माणसाची मान ताठ होते तो धर्म. बाकीचं सगळं ओझं." रेल्वेच्या कारखान्यात होते तेव्हाही हेच म्हणायचे, आता केशवापूरच्या या घरात खुर्चीत बसूनही हेच म्हणतात. आणि खोटं नाही ते. माझीही मान त्यानंच वर आली.

पण तुझ्या पणजीचं काय करू ते सांग.

माझी सासू. मी तिला आत्या म्हणायची. तिचं माहेर सौंदत्तीच्या अलीकडचं. तिच्या धाकट्या बहिणीला लहानपणीच यल्लम्माला सोडलं होतं. गळ्यात मण्यांची माळ, हातात परडी. परडी म्हणजे बांबूची लहान टोपली गं, हळद-कुंकू लावलेली. मंगळवारी-शुक्रवारी ती घेऊन दारोदार जोगवा मागायचा. ती पोर वयात आल्यावर तिचं काय झालं ते मी लिहीत नाही, तू शिकलेली आहेस, तुला कळतं. कुणाच्या तरी गोठ्यात मेली. तिची परडी आत्याकडे आली आणि आत्यानंच ती चालवली, मंगळवार न चुकवता. पुढं आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा तीच परडी आत्यानं आपल्या हातानं मलप्रभा नदीत सोडली. कुणी हात धरला नव्हता. वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणे. मग भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, पांढरं लुगडं आलं, सकाळची वंदना आली. तिला पाली आमच्या सगळ्यांच्या आधी पाठ झाली.

म्हातारपणी तिचं डोकं फिरलं. फिरलं म्हणजे मधली वर्षं गळून पडली. तुझी आई तेव्हा लग्नाची होती. एका मंगळवारी आत्यानं न्हाऊन घेतलं, कांद्याची टोपली जमिनीवर रिकामी केली, माझ्या डब्यातली हळद तिला फासली आणि समोरच्या अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिली. "उधो. जोगवा वाढा गं बाई."

अक्कांनी तांदूळ वाढले. नेमके तेव्हाच आजोबा कारखान्यातून सायकलीवरून आले. गल्लीत आपली आई भीक मागतेय, हेच त्यांना दिसलं.

"अक्का, तुम्ही तरी कशाला वाढलं?" मी विचारलं.

"पाप री, बिचारी," अक्का म्हणाल्या. "दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला, तेही मंगळवारी, रिकामं कसं पाठवू?"

त्यांचाही धर्मच की तो.

आजोबांनी टोपली काढून घेतली. "अव्वा, परडी तू सोडलीस नदीत. तुझ्या हातानं. आठवतं?"

"मी कशाला सोडीन? तू विकलीस. एवढं लोखंड बडवतोस सरकारचं, आईची एक परडी सांभाळता येत नाही तुला."

मला हसू आलं. आजोबांच्या तोंडाकडे बघितलं आणि गेलं.

मग दर मंगळवारी तेच. टोपली लपवली की ती चाळण घ्यायची, चाळण लपवली की ताट. देशपांडे नगरातले डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या, शांत राहतील. आजोबा म्हणाले, "त्या परडीनं माझ्या मावशीला गिळलं. ती आता मी विकत आणू?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू सांग, काय करू?" घरात कधी कशाला न अडणारा माणूस मला विचारत होता.

शेवटी शेवटी तिला उठवेना. पडल्या पडल्या ओंजळ पुढं करायची. एकदा आजोबांनी उशाशी बसून वंदना म्हटली. तिनं बरोबरीनं म्हटली, एक शब्द चुकला नाही. संपल्यावर त्याच आवाजात म्हणाली, "आता परडी आण."

ते उठून गेले. परत आले तेव्हा हातात बुरुडाकडची कोरी परडी होती. हळद नाही, कुंकू नाही. उंबऱ्याच्या बाहेर किती तरी वेळ ती गुडघ्यांवर घेऊन बसले. मग आत आले आणि तिच्या हातात दिली.

तिनं आत हात फिरवला. "रिकामी? धाकटी दारात उभी आहे, मी तिला रिकामी परडी देऊ?"

इतके दिवस ती कुणासाठी जोगवा मागत होती, ते तेव्हा कळलं. की तेही नाही, कोण जाणे. देवी हवी होती का बहीण, तिला तरी वेगळं करता आलं असतं का? आजोबांनी माझ्याकडे बघितलं. तांदळाचा डबा माझ्या हाताशी होता. मूठभर टाकावे तर त्यांची उभ्या जन्माची मान खाली, न टाकावे तर हिची ओंजळ रिकामी. मी त्यांच्याकडे बघितलं. डब्याचं झाकण मी उघडलं नाही. ती वाट बघत बघत झोपली. पुढच्या मंगळवारच्या आत गेली.

ती परडी अजून माळ्यावर आहे. आजोबा टाक म्हणत नाहीत, ठेव म्हणत नाहीत. मी तिच्यात कांदे ठेवू शकत नाही. दिवाळीत माळा झाडताना तिच्याभोवतीनं झाडत आले.

दोन ओळी तुला हव्या असतील तर आजोबांच्याच लिही, त्या चांगल्या आहेत. पण सुट्टी लागली की आधी इकडे ये. माझा हात आता माळ्याला पुरत नाही. तू ती परडी खाली काढ, मांडीवर घेऊन बस, आणि तिच्यात काय ठेवायचं ते आम्हा दोघांना सांग. उशीर करू नकोस बाळ, लवकर ये.