'लोक' नावाच्या माणसाचा शोध

फ्रेंच भाषेतल्या एवढ्याशा शब्दापायी भर भाजीबाजारात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा मोठा मामा. पवनारला त्याची वांग्यांची वाडी. धाम नदी बघायला आलेल्या एका फ्रेंच पाहुण्यानं जाताना आपला जाडजूड शब्दकोश त्याला भेट दिला आणि मामा कामातून गेला. त्याचा लाडका शब्द 'ओं'. आपण 'लोक म्हणतात' म्हणतो तिथे फ्रेंच मंडळी हा 'ओं' घालतात, आणि तो आला लॅटिनमधल्या 'होमो'वरून, म्हणजे चक्क माणूस! "पाह्य बरं," मामा हातातलं वांगं नाचवत सांगे, "घासून घासून एवढासाच उरला, पन आत माणूस हायेच!" तेव्हापासून कोणी "लोक म्हणून राह्यले, भाव पडते" म्हटलं की मामा तराजू खाली ठेवून विचारी, "कोन माणूस? नाव सांग." मामीला तर 'लोक काय म्हणतील' म्हणायची घरात चोरीच होती.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला माझ्या ताईचं लग्न कारंज्याला ठरलं. सुपारी फुटली आणि तिकडून निरोप आला, पोरीला मिरगी येते असं लोक म्हणतात, तेव्हा थांबा. ताईला कधी साधी सर्दी होत नसे. तिनं जेवण टाकलं, आई रडत बसली. वडील म्हणाले, "लोकायच्या तोंडी कोन लागते?"

"लोक कोनी नसते, भाऊजी. माणूस असते. मी त्याले भेटून येतो," म्हणत मामानं चपला घातल्या.

तो आधी कारंज्याला गेला. 'तुमाले कोनं सांगतलं?' असं एकेकाला विचारत, प्रत्येकाकडे चहा पीत, शेवटी आमच्याच गावात, बोरगाव मेघ्यात, एका दारात येऊन थांबला. त्या माणसाला त्यानं कारंज्याला नेलं, खरं बोलायला लावलं आणि व्याह्यांकडून नाव न सांगायचं वचन घेतलं. लग्न पुन्हा ठरलं.

"कोन होता तो?" वडिलांनी काठीच उचलली.

"माणूस होता," मामा म्हणाला. "त्याच्याई घरी पोरगी हाये. लय रडला. त्याले पत्रिका देजा."

पत्रिका साऱ्या बोरगावाला गेली. पंगतीत मी मामावर डोळा ठेवून होतो, पण पठ्ठ्या सगळ्यांना सारख्याच आग्रहानं बुंदी वाढत होता. ताई कारंज्याला सुखात आहे. मामा वारला, त्या माणसाचं नाव पोटात घेऊनच गेला. फार आठवण येते त्याची. बोरगावात आजही कोणाचा राग आला की वाटतं, त्या दिवशी रडलेला कदाचित हाच असेल, आणि मग मला धड रागावताच येत नाही.