गुरूच्या चंद्रावरचं पाणी

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा, विजयरावांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "रंजना गेली," एवढंच म्हणाले. आदल्या संध्याकाळीच ती माझ्याशी प्रश्नपत्रिकेवरून तावातावानं भांडली होती... झोपेतच हृदय थांबलं. दीड महिना होत आला, अजून खरं वाटत नाही.

एकाच कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी रसायन. शनीची कडी आणि गुरूचे चंद्र हा तिचा ध्यास. त्यावर बोलायला लागली की घरी आलेल्याला चहा विचारायचंही विसरायची. पण मला ती आठवते दुष्काळातल्या एका संध्याकाळी. शहर चहूकडं पसरत होतं अन् नळ कोरडे होते. औरंगपुऱ्यातल्या छोट्या सभागृहात तिचं व्याख्यान होतं. गुरूच्या एका चंद्रावर बर्फाच्या जाड थराखाली समुद्र असावा, असं ती सांगत होती, तोच मागच्या रांगेतून एक माणूस ताडकन उठला.

"ओ मॅडम, बिडकीन रोडला आमची नवी वस्ती हाय. टँकर आला नाय. बाया हंडे घेऊन बसल्यात, अन् तुम्ही आभाळातलं पाणी दाखवता व्हय?"

संयोजक त्याला बाहेर काढायला धावले. त्याच्या बाजूनं आणखी दोघं-तिघं उठले, खुर्च्या आदळल्या. आता हाणामारी होणार म्हणून मी रंजनाचा हात ओढला. "चल, निघू." तिनं हात सोडवून घेतला.

"त्यांना हात लावू नका!" ती संयोजकांवर ओरडली. मग त्याला म्हणाली, "तुमचं खरंय. उद्या मी वस्तीत येते. पण हे एवढं पुरं करू द्या." प्रयोगासाठी टेबलावर ठेवलेली जाड तार तिनं त्याच्यापुढं नेऊन धरली. "एकाच जागी भराभर वाकवा."

तिच्याकडं रोखून बघतच त्यानं तार वाकवली.

"आता तिथं बोट लावा."

"चटका बसतो की!"

"गुरू त्या चंद्राला असाच कधी जास्त ताणतो, कधी सैल सोडतो. त्यानं आतून ऊब येते. म्हणून खालचं पाणी गोठत नाही."

तो बसला नाही. "उद्या या," म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागं निम्मं सभागृह रिकामं झालं. उरलेल्यांसाठी ती शेवटपर्यंत बोलली.

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली, मलाही घेऊन. बाया आधी तिच्याशी बोलेनात. पण टँकरसाठी त्यांच्याबरोबर तिनं इतके हेलपाटे घातले, की त्या तिला हाक मारून बोलवायला लागल्या. हळूहळू टँकर नेमानं येऊ लागला. हे काय तिचं काम आहे का, अशी कॉलेजात कुजबूज झाली. "मग कोणाचं?" एवढंच ती विचारायची. व्याख्यानंही तिनं सोडली नाहीत.

परवा दिवेलागणीला तिच्या घरी गेले. विजयराव गच्चीवर तिची दुर्बीण लावून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दुर्बिणीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. बराच वेळ खटपट केल्यावर गुरू सापडला, शेजारी चंद्रांचे बारीक ठिपके. ते बघतच राहिले. मग डोळा न काढता त्यांनी हात मागं केला.

"रंजू, लवकर ये, सरकतोय तो..."

मी पुढं झाले नाही.