लिओची दहावी ओळ

माझ्या भावाला, लिओविहिल्दोला, सगळं खोरं 'पालमारेहोचा सिन्सोंते' म्हणतं. पालमारेहो हे आमचं गाव, आणि सिन्सोंते म्हणजे दुसऱ्या पाखरांच्या नकला करणारं पाखरू. लोक कौतुकाने म्हणतात. मी मनात म्हणते, अगदी बरोब्बर नाव ठेवलंत!

लहानपणी बाबांनी तंबाखूच्या शेतातून हाक मारली की याचा घसा बसायचा. आमची आई, कासिल्दा, लगेच मध्ये पडायची. "त्याला धुळीत नका हो नेऊ. गळा आहे पोराचा." गळा म्हणे! मला काय गळा नव्हता? मी पानं तोडली, ओवली, वाळत घातली आणि हे महाशय झाडाखाली बसून आ-आ करत राहिले. पुढे काय, पांढरा कडक सदरा, गवती टोपी, दर रविवारी रेडिओवर कार्यक्रम आणि तीन लग्नं. आवाज गोड आहे, नाही म्हणत नाही. डोक्याचा मात्र आनंदीआनंद.

आमच्याकडे खरा गवई तोच, जो उभ्या उभ्या कवन रचतो. गर्दीतून कुणीतरी एक ओळ फेकायची. गवयाने तिथल्या तिथे नऊ ओळी जुळवायच्या आणि ती फेकलेली ओळ दहावी म्हणून गायची. लिओच्या गर्दीत ओळ फेकायला नेहमी त्याचा मेहुणा, आत्ताच्या बायकोचा भाऊ, ओनेलियो उभा. ओळ घरीच ठरलेली, नऊ ओळी आधीच घोकलेल्या. लोक टोप्या उडवतात. मला शिसारी येते.

आईला यातलं काही ठाऊक नाही, असं मला वाटायचं. तिची एकच इच्छा होती. लिओने एकदा तिच्यावर कवन करावं, आपल्या अंगणात, तिच्यासमोर. "करतो गं आई, पुढच्या खेपेला," म्हणत याने वर्षं काढली. तोवर तिची नजर गेली, गुडघे गेले. याचं मंत्र्यांवर गाऊन झालं, सहकारी संस्थेवर गाऊन झालं, कुणाच्या तरी बक्षीस मिळालेल्या गाईवरही गाऊन झालं. गाईवर, बरं का! आई तेवढी राहिली.

यंदा तिच्या वाढदिवसाआधी मी निरोप धाडला, "आला नाहीस तर पुन्हा थोबाड दाखवू नकोस." आला. मेहुण्याला घेऊनच आला. अंगणात डुक्कर भाजलं, युकाचे कंद उकडून त्यांच्यावर लसणीचा रस ओतला, शेजारपाजारचे जमले. वाजवणाऱ्याने गिटारीच्या तारा छेडल्या. ओनेलियोने ओळ फेकायला तोंड उघडलं तोच आईने हात वर केला.

"थांब रे ओनेलियो. आज ओळ मी देणार."

लिओचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, अगं तू कशाला उगाच..."

"'चुलीपाशी माझी आई.' घे. गा."

वाजवणारा तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. शेवटी याने तोंड उघडलं. मधाचे ओठ, डुलती कंबर, खिडकीतलं चांदणं! रेडिओवर वाजून वाजून शिळं झालेलं प्रेमाचं कवन. आणि शेवटी, लाज नाही की शरम नाही, 'चुलीपाशी माझी आई' चिकटवून मोकळा झाला.

"कंबर माझी अशी कधीच नव्हती रे," आई म्हणाली.

काय हशा पिकला म्हणता! लिओने गळ्याला हात लावला. "आज घसा बसलाय गं."

"लहानपणापासून बसलाय," मी म्हटलं.

"तू गप," आई मला म्हणाली. मग खुर्चीत जराशी पुढे सरकली आणि चिरक्या आवाजात तिने स्वतःच कवन जुळवलं, लिओच्या तोंडी शोभेल असं. शेवट असा होता:

"बाप राबे तंबाखूत,
मी हिंडतो गाण्यापायी,
ताट झाकुनी बसली
चुलीपाशी माझी आई."

बायका डोळे पुसायला लागल्या. लिओचे ओठ हलत होते. मला वाटलं, चला, एवढं तरी लागलं मेल्याच्या जिवाला.

रविवारी आईसाठी रेडिओ लावला. गर्दीतून ओनेलियो ओरडला, "चुलीपाशी माझी आई!" आमच्या सिन्सोंतेने क्षणभर विचार केल्याचं सोंग आणलं आणि आईचंच कवन गायलं, अक्षरन् अक्षर. टाळ्यांचा नुसता कडकडाट. ओठ कशाला हलत होते ते तेव्हा कळलं. घोकत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निर्लज्ज, चोर कुठला! मी रेडिओ बंद करायला धावले.

"राहू दे," आई म्हणाली. चाचपडत तिने खुर्ची रेडिओला चिकटवली होती. "माझ्यावरच गातोय ना तो."