तुसाचा कोळसा आणि माझा तोरा

सत्तरच्या दशकात मी नागपुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते, आणि अक्कल सोडून माझ्याकडे सगळं होतं. दोन वेण्या, कडक इस्त्रीची साडी, आणि कुही गावाकडच्या मामानं पाठवलेलं धानाच्या तुसाचं पोतं. ते तूस बंद डब्यात भाजून मी कोळसा करायची. त्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. सांडपाण्यातले विषारी धातू त्यांत शिरून चिकटून बसतात. सायकलच्या हँडलला क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं क्रोमियम मिसळलेलं पिवळं पाणी मला त्यानं शुद्ध करायचं होतं.

मला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल." विषय बदलणं म्हणजे आणखी एक वर्ष. घरी तर स्थळं येऊ लागली होती. वर्ष वाढलं असतं तर माझं शिक्षण तिथंच सुटलं असतं.

एक दिवस पाण्यात जरा आम्ल घातलं, कोळसा टाकून खूप वेळ हलवलं, गाळलं. पिवळेपणा गायब! मी पडले विणकराची पोर. सूत रंगवताना हौदातलं पाणी निवळलं, की रंग सुतानं घेतला, असं घरी लहानपणापासून पाहिलेलं. मी वहीत लिहून टाकलं, 'क्रोमियम पूर्ण गेले.' तेवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? सरांसमोर पाण्याचं भांडं उचललं.

"सर, पिऊन दाखवू?"

"आधी खाली ठेव ते!" सर दचकलेच. मग चष्मा पुसत म्हणाले, "पिवळा रंग गेला. क्रोमियम कुठं गेलं?"

"कोळशात."

"तुले कोणी सांगितलं? कोळशानं?"

त्यांनी माझ्याकडूनच त्या पाण्याची नीट तपासणी करून घेतली. नळीतलं पाणी जांभळं झालं, आणि जांभळं म्हणजे क्रोमियम आहे. क्रोमियम पाण्यातच होतं. आम्लात कोळशाशी गाठ पडून त्यानं फक्त रूप बदललं होतं.

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसलं.

"काहून रडून राहिली वं?" बाबांनी विचारलं. सगळं ऐकून ते चक्क हसले. "अवं, पाण्याले काय विचारतं? सुताले विचार! आम्ही लडी धुऊन, पिळून पाहतो. तू तं हौदात डोकावून मोकळी झाली!"

दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याबरोबर कोळसाही धुऊन तपासायला लागले. तेव्हा कळलं, की पिवळेपणा गेल्यावर सोडा घालून आम्ल कमी केलं, की पाण्यात उरलेलं क्रोमियम कोळशाला चिकटतं. सरांनी तीनदा करून दाखवायला लावलं. दिवाळीच्या चार दिवस आधी वहीवर त्यांची सही झाली; विषय टिकला.

त्याच आठवड्यात सावनेरचं एक स्थळ दारात आलं. बाबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "पोरगी कामात हाय. परीक्षा झाल्यावर या."

ते काही परत आले नाहीत. बिचारे वाचले!