न बसणारा कोट

शिंपीकाकांच्या शिलाईला नाव ठेवायला जागा नसे. वर्षातून एकच कपडा ते मुद्दाम बिघडवत, आणि तो बघायला सगळं गाव चौकात लोटे.

गोष्ट जुनी होती. कुणा एका बाईनं कोट शिवायला टाकला आणि तो न्यायला येण्याआधीच ती वारली. तेव्हापासून धुक्याचे दिवस आले की ती चौकात येते, कोट घालून बघते, नाक मुरडते आणि परत जाते. ज्या वर्षी कोट नीट बसेल, त्या वर्षी ती कायमची जाणार. गावाला ते नको होतं. भूत झालं म्हणून काय, माणूस आपलंच! त्यामुळे दर वर्षी तिच्या येण्याच्या दिवशी अंगाला बसणारा कपडा घालायची कुणाची टाप नव्हती. पोरं बापाच्या कोटात अडखळत फिरत, आणि जाडजूड पोस्टमास्तर बायकोच्या जाकिटात श्वास कोंडून उभे राहत.

त्या दिवशीच्या सोंगात भूत व्हायची शिंपीकाकांची बायको. एकतीस वर्षं. पोरं तिला बारा महिने भूतकाकूच म्हणत. धुक्यातून ती सावकाश चालत आली की काकांनाही क्षणभर वाटे, ही आपली नव्हेच. मग ती तोंड उघडायची. "खांद्यात काय उशा भरल्यात? आणि ही बटणं शेजारणीसाठी लावलीत वाटतं!" लोक पोट धरून हसत, काका डोकं खाजवत.

या वर्षी मात्र ती अंथरुणाला खिळली होती. पुढच्या वर्षाचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघत.

"अहो," ती एका दुपारी म्हणाली, "एकतीस वर्षं तुमच्या हातचे वाकडे कोट घातले. पदरी पडलं, पवित्र झालं. या वेळी एक माझ्या मापाचा शिवा की."

"आणि बसला तर?"

"तर बसला."

काकांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी बसणारा कोट शिवायला त्यांचं मन धजेना. नाही म्हणावं, तर तिनं आयुष्यात मागितलं होतं ते एवढंच. त्यांनी टेप काढली. भुताचा कोट ते नेहमी अंदाजानं कापत. या वेळी तिला उशीला टेकवून बसवलं आणि खांदा, छाती, बाही सगळं दोनदा मोजलं. पलंगाशेजारी मशीन आणून ठेवलं. काचेबाहेर धुकं दाटायचं, मशीन हळू चालायचं, ती झोपेत कधी हसायची. शिवताना त्यांना वाटायचं, ही शिलाई संपूच नये. तीन आठवडे त्यांनी एका कोटात जीव ओतला.

भुताच्या दिवशी संध्याकाळी दोन पुतण्यांनी तिला खुर्चीतून चौकात आणलं आणि धरून उभं केलं. काकांनी कोट तिच्या अंगावर चढवला.

खांदे खाली ओघळले. बाह्यांत तिची बोटं दिसेनाशी झाली.

माप चुकलं नव्हतं. तीन आठवड्यांत तीच एवढीशी उरली होती. हे काकांना तेव्हा कळलं. लोक मात्र खूश झाले. "सैल! सैल!" पोरं ओरडली. पोस्टमास्तरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय काकू, बसला का?"

तिनं काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"बसला," ती म्हणाली. "अगदी माझ्या मापाचा."

असं उत्तर एकतीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. मग तिच्या लोंबत्या बाह्या बघून कुणीतरी फिसकन हसलं आणि हशा पिकला. भूतकाकूनं या वर्षी कमाल केली, असं लोक म्हणाले.

काका पुढे झाले. सदऱ्याच्या गळ्याला लावलेल्या टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या आणि तिची बाही दुमडायला घेतली.

"नाही बसला," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्या गावासमोर एवढ्या मोठ्यानं बोलले. "कुठं बसलाय? बाही दोन बोटं वर घ्यायचीय, खांदा उसवायचाय. पुढच्या वर्षी परत यावं लागेल तुला. ऐकतेस ना? यावंच लागेल."