चेहरा कापलेला फ्लेक्स

अंकल गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी भर नाक्यावर स्टुलावर चढलो आणि त्यांचा चेहरा ब्लेडने कापून काढला.

फ्लेक्सवरचा.

आज वर्ष झालं. अजून कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, "अरे, तू असं का केलंस?" म्हणून एकदाच लिहून टाकतोय. वैतागून लिहितोय, सांभाळून घ्या.

अंकल-आंटी आमच्या खालच्या मजल्यावर. भाईंदर वेस्टला. नाव लिहीत नाही. कमेंटमध्येही कोणी लिहू नका, डिलीट करीन.

बिल्डिंगला माहीत होते ते गोदीतून रिटायर झालेले अंकल. त्यांची मान वळायची नाही. मागून हाक मारली की अख्खे वळायचे, कपाट फिरवल्यासारखे.

ती मान फ्री-स्टाईल कुस्तीत गेली होती.

आपल्या वडिलांना विचारा. मुंबईत स्टेडियम भरायची, रिंगमध्ये कुस्त्या व्हायच्या. त्यातला पोस्टरवरचा "लाल नकाब" म्हणजे आमचे अंकल.

नियम एकच. जो नकाबवाल्याला हरवेल, तो सगळ्यांसमोर त्याचा नकाब उतरवणार. पब्लिक तेवढ्यासाठी तिकीट काढून यायचं. अंकलनी कुस्ती सोडली तोवर तो कोणालाही उतरवता आला नाही.

हे सगळं मला आंटींनी सांगितलं. नकाब त्याच शिवायच्या, घरच्या मशीनवर. अंकलना विचारलं की एकच उत्तर. "कोण नकाब? मी गोदीत होतो रे बाबा."

मग आमच्या व्यायामशाळेला नवा हॉल मिळाला. कमिटीला सुचलं, एका भिंतीवर जुन्या पैलवानांचे फोटो लावू. नाव काय, तर "हॉल ऑफ फेम"!

मीही कमिटीत. म्हणजे खुर्च्या लावायला आणि चहा सांगायला.

मी म्हटलं, लाल नकाब आपल्या भाईंदरचा आहे, त्याचा फोटो पाहिजेच.

अध्यक्ष हसले. "ती नुरा कुस्ती. कोण जिंकणार ते आधी ठरवून केलेली. ते काय पैलवान?"

अहो, असेल नुरा. पण वरच्या दोरावरून उडी मारलेला गडी छातीवर झेलायचा, हे कसं ठरवून करतात? एकदा झेलून दाखवा ना.

आणि ठरवाठरवी चालत नाही म्हणणाऱ्यांच्या भिंतीवरची नावं मात्र आधीच ठरलेली. पहिला फोटो अध्यक्षांच्या सासऱ्यांचा. गावच्या जत्रेत त्यांनी नारळाची, म्हणजे बक्षिसाला नुसता नारळ असलेली, कुस्ती मारली होती म्हणे. नारळाची!

मी सोडलं नाही, रोज डोकं खाल्लं. शेवटी म्हणाले, "बरं. नाव सांग आणि नकाब काढलेला फोटो आण. आत कोण होता ते आम्हाला कसं कळणार?"

अंकल तेव्हा अंथरुणाला खिळले होते. आंटी त्यांना पेज भरवत होत्या.

मी म्हटलं, "अंकल, एकदा हो म्हणा. जिवंतपणी भिंतीवर लागाल."

पहिल्यांदाच ते "मी गोदीत होतो" म्हणाले नाहीत.

"नकाब हरल्यावर उतरतो. मी कुठे हरलो?"

"पण अंकल, ते तर ठरलेलंच असायचं ना?"

मला वाटलं, चिडतील. ते हसले.

"ठरलेलं होतं म्हणूनच पाळायचं. समोरचा माझ्या भरवशावर उडी मारायचा. मी बाजूला झालो असतो, तर त्याची मान गेली असती. मी जागेवर थांबलो. माझी गेली."

मग आंटींना कपाटातून एक फोटो काढायला सांगितला. नकाबातला. "लावायचा तर हा लावा."

कमिटीने फोटो उलटसुलट करून बघितला. "यात तोंडच दिसत नाही," म्हणाले, आणि परत दिला. त्याच आठवड्यात अंकल गेले.

अंत्यविधीची मिस्सा उत्तनला होती, आंटींच्या गावच्या चर्चमध्ये. मोडक्या कानांचे काही म्हातारे पैलवान आले होते. त्यातला एकजण शवपेटीवर हात ठेवून सगळ्यांदेखत रडला, "माझा लाल नकाब गेला!"

अध्यक्षही आले होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी नाक्यावर फ्लेक्स! सोसायटीच्या गणपतीतल्या ग्रुप फोटोतून उचललेला अंकलचा चेहरा, दाराएवढा मोठा. वर "लाल नकाबामागचा महान मल्ल". खाली अध्यक्ष आणि मंडळी, हात जोडून, हसऱ्या चेहऱ्याने.

जिवंतपणी जो माणूस पैलवानच नव्हता, तो मेल्यावर महान मल्ल झाला. डोकं फिरलं माझं.

आंटींनी खिडकीतून फ्लेक्स बघितला. शिवणाच्या डब्यातलं ब्लेड काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "स्टूल घे."

सकाळची बाजाराची गर्दी. मी वर, आंटी खाली स्टूल धरून. एक कार्यकर्ता धावत आला, "ए भाई, क्या कर रहा है? साहब का बॅनर है!"

आंटींनी स्टूल न सोडताच त्याला सांगितलं.

"साहेब तुमचा र्‍हाऊ दे तिथंच. माझ्या माणसाचं तोंड तेवढं मी घरी नेते. त्यो हरला न्हाय."

कार्यकर्ता बाजूला झाला. आंटींनी तो तुकडा घडी घालून पदराखाली घेतला आणि आम्ही घरी आलो.

भिंतीवर अंकल अजून नाहीत. सासरे आहेत. काल पुन्हा विचारलं, तर म्हणे पुढच्या मीटिंगमध्ये बघू. किती मीटिंगा रे देवा!

सोबतचा फोटो तोच, कमिटीने परत केलेला. यात तोंड दिसत नाही. दिसायला नकोच आहे.

भावपूर्ण वगैरे सगळं फ्लेक्सवाल्यांनी छापून झालंय. माझ्याकडून एवढंच.

अंकल, भिंत नाही मिळवून देऊ शकलो. नकाब मात्र उतरू दिला नाही.

झोपा निवांत.