थेंबही न गळणारी टाकी

गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभे राहिलेले पुरुष मला विहिरीत पडलेली कळशी शोधणाऱ्यांसारखे वाटतात. ती नेमकी कुठे आहे हे प्रत्येकजण सांगतो, उतरत मात्र कुणी नाही. नव्वदीच्या दशकात हे दृश्य मी सुरतेत, पर्वत पाटियाच्या आमच्या दारात वर्षभर बघितलं. शेजारीपाजारी, चहाच्या हातगाडीवरचे, येणारेजाणारे, सगळ्यांचं डोकं आत.

जीप माझ्या धाकट्या दिराची. लष्कराच्या लिलावातली, दोन-तीन हात फिरून आमच्याकडे आलेली. चारही चाकं ओढायची, त्यामुळे चिखल, दगड, नाला, कुठेही जायची. दीर तेव्हा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. त्या खडखडाटानं त्याचा डावा कान गेला होता. उजवा वाचवायचा असेल तर लूम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जीपला कायमचं काम मिळालं तर तो लूममधून सुटणार होता, नाही मिळालं तर परत त्याच शेडमध्ये. एवढा साधा हिशेब होता, पण त्याच्या मित्रांच्या डोक्यात तो कधी शिरलाच नाही. त्यांना जीप हवी होती ती टेकून उभं राहायला.

काम शेवटी मीच शोधलं. मी कडोदऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायची. मिलची विजेची लाईन टाकायला आलेल्या ठेकेदाराला डांगच्या जंगलात विजेचे खांब उभे करायचं काम लागलं होतं. माणसं आणि सामान वर न्यायला त्याला रस्त्याशिवाय चढणारी गाडी हवी होती. अट एकच. आत कुठेही पेट्रोलपंप नाही, तेव्हा दोन दिवसांचं पेट्रोल गाडीच्या पोटात मावलं पाहिजे. रविवारी त्याचा सुपरवायझर स्वतः बसून गाडी बघणार आणि पसंत पडली तर सोमवारपासून काम सुरू.

जीपची मूळ टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. लहान, आतून गंजलेली आणि सीटवर बसणाऱ्याच्या पँटला कायम पेट्रोलचा वास देणारी. ती बदलायचीच होती. मी म्हटलं, गॅरेजवाल्याकडे दे, त्याचं ते रोजचं काम आहे. दीर हसला.

"वहिनी, यामानं तुम्हले काय समजस? आपला मिस्त्री आहे ना."

आपला मिस्त्री म्हणजे नंदुरबारकडचा, त्याच्याच गावचा वेल्डर. आमच्याच मिलमध्ये रंगाच्या टाक्या, पाइप, वाफेच्या लाईनी जोडायचा. मिलमध्ये टाकी गळली की रंग कापडावर, कापड फुकट आणि शेठ अंगावर. म्हणून त्याच्या जगात टाकीला एकच गुण होता, न गळणं. त्यानं जाड पत्र्याची टाकी मागच्या बाकाखाली बसेल अशी बनवली आणि मिलच्या रिवाजाप्रमाणे तपासली. बाहेरून सगळ्या जोडांना खडूचं पाणी फासलं, आत रॉकेल भरलं. रॉकेल कुठेही पाझरलं तर पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. दुसऱ्या दिवशी खडू कोराच्या कोरा होता. दारात गर्दी जमली. कुणी नारळ आणला. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "एक थेंब बी पडाव नही." आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा खुर्चीवर बसला.

झाकण मात्र अजून नव्हतं. आठवडाभर त्या तोंडात माझ्या जुन्या परकराची चिंधी कोंबून दीर सुरतभर फिरला. गाडी झकास चालली. शनिवारी मिस्त्रीनं रसायनाच्या पिंपाचं आट्यांचं झाकण आणलं, आत जाड रबरी वायसर बसवला आणि पान्यानं आवळलं. जुन्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक होतं, हवा आत जायला. ते त्यानं बघितलंही होतं. "कंपनीवाल्यासनी घाई करेल शे," म्हणाला. म्हणजे कंपनीची चूक आणि याची सुधारणा.

रविवारी निघताना मी दोरी, जास्तीची ट्यूब, पाण्याचा कॅन, फॅनबेल्ट आणि जॅक, प्रत्येक वस्तू हातानं मोजून ठेवली. दीर आणि मिस्त्री, या दोघांनी अगरबत्ती आणली होती. मी सोबत गेले, कारण ठेकेदाराला शब्द माझा होता, आणि हे दोघं सुपरवायझरशी काय बोलतील याचा मला अजिबात भरवसा नव्हता. सुपरवायझर सुरतेतल्याच कतारगामचा, चेहरा कायम पोट दुखतंय असा. पुढे बसला.

व्यारा गेलं आणि गाडी आचके देऊन थांबली.

बॉनेट उघडलं गेलं. दिरानं प्लग काढून फुंकले. मिस्त्रीनं पंपावर कान ठेवला, जणू तो काही सांगणार होता. मग दोघांचं ठरलं की पेट्रोलमध्ये भेसळ आहे. सुपरवायझरनं माझ्याकडे बघितलं.

"बेन, तमे तो कहेता'ता के गाडी तैयार छे."

"टाकी भरेल छे के नहीं?" त्यानं पुढे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाना घेऊन स्वतःच झाकण उघडलं. टाकीनं फुस्स करून मोठा श्वास आत ओढला. पेट्रोल भरपूर होतं. झाकण परत आवळून किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू.

"बघा, कचरा निघून गेला," दीर म्हणाला.

सोनगडच्या अलीकडे परत तेच. आचके, शांतता, झाकण, फुस्स, सुरू. आता रस्त्यावरच्या बकरीलाही कळलं असतं. पंप पेट्रोल ओढतो, त्याच्या जागी आत हवा जायला वाट नाही, मग पेट्रोल येणार कुठून. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात हे यांच्या घरातलं प्रत्येक माणूस रोज बघतं. सुपरवायझर चिडला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तो म्हणाला, "ढक्कन ढीला रखो, बाद में छेद करा लेना. सोमवार को आ जाओ."

काम मिळालं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं हो म्हणून गाडी वळवली असती. दिरानं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं रस्त्याकडे.

"छेद नहीं होगा, साहेब," दीर म्हणाला. "टाकी एकदम पॅक है. पॅक रखने के लिए ही बनाई है."

"मनी टाकीले भोक पाडानं व्हतं ते माले कशाले सांगं?" मिस्त्री पुटपुटला.

"त्यानं रविवारामागून रविवार घालून फुकट करून दिलीय," दीर मला हळूच म्हणाला. "लोकांसमोर त्याचं तोंड कसं पाडू?"

दोघं मोठे पुरुष, एकाचा कान जातोय, दुसऱ्याला पोरंबाळं, आणि प्रश्न कसला, तर एका झाकणाच्या अब्रूचा. सुपरवायझरनं घड्याळ बघितलं. असं बघणाऱ्या माणसाचा पुढचा शब्द काय असतो हे मी मिलमध्ये रोज ऐकायची. मी खाली उतरले, पाना घेतला, झाकण काढलं, रबरी वायसर कुकरच्या रिंगसारखा बोटानं ओढून काढला आणि झाकण परत बसवलं. आट्यांमधून हवा जायला आता पुरेशी वाट होती.

"चालो," मी सुपरवायझरला म्हटलं.

मिस्त्री गाडीत बसला नाही. "मी एसटीनं जातो," म्हणाला आणि उन्हात उलट्या दिशेनं चालायला लागला. कुणी त्याला अडवेल म्हणून दोनदा मागे वळून बघितलं. दीर उतरायला लागला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "भाऊ, बस." तो बसला.

जीप चढ चढली, नाल्यातून गेली, खांब रचले होते तिथपर्यंत पोचली आणि एकदाही थांबली नाही. सुपरवायझर खाली उतरून लघवीला गेला, परत आला, मान हलवली. त्याची पसंती तेवढीच.

परतताना त्याला व्यारा स्टँडवर सोडलं, तिथे त्याचं काम होतं. पर्वत पाटियाला वळताना दीर म्हणाला, "तुम्ही त्याले रस्त्यावर उतरवलं, वहिनी. तो आता आपल्या दारात येणार नाही."

"नको येऊ दे," मी म्हटलं. "सोमवारी गाडी कुठे लावायची, किती वाजता, माणसं कोण, हे विचारलंस का?"

त्यानं विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं.